लंडन पाच तासांवर

आता माझी फजिती ऐकायचीच आहे, तर आधी चहा संपवा. हसताना अंगावर सांडाल!

माझी एकुलती एक मुलगी मुग्धा. तिची आई जाऊन दोन वर्षं झालेली, नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. आणि हिला लागली नोकरी लंडनला!

"बाबा, तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार," म्हणाली.

मी तिकीट पाहिलं. मुंबईहून सुटणार सकाळी सातला, तिथे पोहोचणार दुपारी बाराला. म्हणजे पाच तास! अहो, घाटात ट्रक आडवा झाला की पुण्याला जायलासुद्धा एवढे लागतात! इतकं बरं वाटलं, की पुढे विचारच केला नाही. "जा की बिनधास्त!" म्हटलं. सोसायटीभर सांगत सुटलो, लंडन काय, हे इथंच तर आहे!

गेली. त्या दिवशी बारा वाजले, फोन नाही. साडेबाराला मी लावला, तर बंद. एक वाजता शेजारच्या दळवी वहिनींचं दार बडवलं.

"वहिनी, मुग्धाचं विमान पोहोचलंच नाही!"

"अगं बाई!" म्हणत त्यांनी थेट देव पाण्यात ठेवले. अर्ध्या तासात माझ्या हॉलमध्ये अख्खा मजला जमला.

"टीव्ही लावा, बातमी असेल!"

"गप रे! काका आधीच घाबरलेत!"

कुणी पाणी देतंय, कुणी पाठीवरून हात फिरवतंय. खरं सांगू? जीव टांगणीला लागलेला, तरी मनात आलं, किती दिवसांनी या घरात माणसांचा आवाज ऐकतोय!

तेवढ्यात खालचा मेडिकलवाला सलीम वर आला. दहा वर्षं दुबईला होता. त्याने तिकीट वाचलं.

"सर, हे बारा तिथल्या घड्याळाचे. तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजतात. साडेदहा तासांचा प्रवास आहे. बच्ची अजून हवेत आहे!"

जे हसले सगळे! वहिनी देव पुसायला पळाल्या. पाच मिनिटांत हॉल रिकामा. सलीम तेवढा थांबला. "फोन येईपर्यंत बसतो," म्हणाला.

पावणेसहाला फोन आला.

"बाबा, पोहोचले! केवढं लांब आहे हो हे!"

"हो गं," म्हटलं, "फारच लांब आहे."

फोन ठेवला. सलीम उठला, दारापाशी घुटमळला.

"सर, रागावू नका. पण ती ग्रीनिचची वेळ, रेखांश... आम्हाला आठवीत कोण शिकवायचं?"

कोण म्हणजे? मीच! अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला मी. आणि नेमक्या याच गणितात या सलीमला नापास केलं होतं!