धूळ मोजणाऱ्या डब्याची पूजा

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘पर्यावरण अधिकारी’ असं छापलेलं आहे. त्यामुळे जेसल पार्कमधल्या आमच्या सोसायटीत माझ्या कामाबद्दल फार गोड समजूत आहे. समोरच्या भाभी माझ्याकडे हक्काने कढीपत्त्याचं रोप मागतात. मी काशीमिऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका दगडखाणीत दिवसभर धूळ खाते, हे त्यांना चार वेळा सांगून झालंय. "तो फिर गुलाब का दे दो," असं त्यांचं म्हणणं.

खाणीत दगड फुटतो, क्रशरमध्ये त्याची खडी होते आणि उरलेलं पीठ हवेत उडतं. हे पीठ आटोक्यात ठेवायचं, गटारं साफ करून घ्यायची, कुंपणालगतची झाडं जगवायची आणि सगळं नियमात चाललंय असं कागदावर दाखवायचं, ही माझी नोकरी. झाडं खरं तर मावशी जगवतात. मावशी रायगडकडच्या. त्यांचा नवरा इथे वॉचमन होता. तो गेल्यावरही त्या आवारातल्याच खोलीत राहिल्या. दिवसभर बादलीने झाडांना पाणी घालतात आणि खोकतात. डॉक्टरांनी सांगितलं, धुळीपासून लांब राहा. क्रशर खोलीपासून पन्नास पावलांवर, आता लांब म्हणजे कुठे राहायचं?

मला त्या खोकल्याचा राग यायचा. क्रशरवर कायमचे पाण्याचे फवारे बसवले असते तर तो निम्म्याने तरी कमी झाला असता. त्यासाठी मी दोन वर्षं मालकांच्या मागे लागले होते. मालकांना सगळे दादा म्हणतात. भाईंदरचं जुनं घराणं, एकेकाळी मिठागरं होती. ते शांतपणे म्हणायचे, "रिपोर्ट चांगला हाय ना? मग फवारे कशाला?" आणि रिपोर्ट दर वेळी चांगलाच यायचा, त्यामुळे माझं तोंड बंद व्हायचं.

मागच्या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणासाठी धुळीचा ताजा रिपोर्ट हवा होता. दादांनी मला बोलावलं. "मॅडम, दसऱ्याला लावा डबा. क्रशर बंद, गाड्या बंद. असा रिपोर्ट येल, फ्रेम करून लावा."

मी तशी तापट आहे. ताडपत्री न बांधता निघालेल्या ट्रकवाल्यावर मी ओरडले की पार हायवेवर ऐकू जातं. पण दादांसमोर तोंडातून निघालं, "बघते." आमच्या ऑफिसात ‘बघते’ म्हणजे हो. दिवसभर स्वतःचीच लाज वाटली, आणि तरी दसऱ्याच्या सकाळी जाऊन मी डबा लावला.

डबा म्हणजे धूळ मोजायचं यंत्र. एरवी ते माझ्या कपाटात असतं. बाहेर आणून चालू केलं की घुर्रघुर्र करत हवा आत ओढतं आणि आतल्या पांढऱ्याशुभ्र कागदावर धूळ चिकटते. कागद जितका मळेल, तितके आपण मेलो. मी नवा कोरा कागद घातला, बटण दाबलं आणि श्रीखंड-पुरी खायला घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर डब्याच्या गळ्यात झेंडूचा हार. कपाळावर, म्हणजे बटणांच्या जरा वर, हळदकुंकू. पुढ्यात फोडलेला नारळ. घाईघाईने झाकण उघडून कागद काढला. काळाकुट्ट, आणि कडेने गुलाबी. ज्या दिवशी आवारात एकही दगड फुटला नव्हता, त्याच दिवसाचा वर्षातला सगळ्यात घाणेरडा कागद माझ्या हातात होता.

"हे कुणी केलं?" मी ओरडले.

मावशी हसतच आल्या. "मी. खंडेनवमीला सगल्या मशिनींची पूजा झाली. याचीच राह्यली. कपाटात होता बिचारा."

"आणि हा काळा कशाने झाला?"

"धूप दावला ना. मॅडम, सगला धूर आत वढून घेतलान! असा देव मी पायला नाय. मग मी पन सांजपर्यंत घालीत राह्यले."

मला हसू आवरेना. पायरीवर बसून पोट धरून हसले. मावशीही हसल्या आणि हसता हसता खोकल्या. ढास थांबल्यावर मी विचारलं, "पण मावशी, याच्यावरच एवढी भक्ती का?"

"हा भायेर आला की टँकर येतो. तीन-तीन येला पानी मारतात. त्या दिशी मला खोकला नसतो."

खरं होतं. आमचा रिपोर्ट चांगला यायचा तो त्यामुळेच. आणि दर वेळी टँकरला फोन करणारी मीच होते. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

मी दादांना फोन लावला. "कालचा कागद वाया गेला. उद्या परत लावतेय. क्रशर चालू, टँकर बंद."

दादा बरंच काही बोलले. मग ट्रकवाल्यांसाठी राखून ठेवलेला आवाज मी पहिल्यांदा त्यांच्यावर काढला. नोकरी गेली असं धरूनच फोन ठेवला. रिपोर्ट यायला हवा होता तसा वाईटच आला, आणि फवारे बसवल्याशिवाय परवाना मिळणार नाही असं सरकारी कचेरीतून लेखी उत्तर आलं. दादा महिनाभर मला ‘मोठे साहेब’ म्हणून टोमणे मारत होते, पण फवारे बसले.

आता रोज सकाळ-संध्याकाळ पाणी सुटतं. पहिल्या आठवड्यात मावशींनी मला गाठलं.

"मॅडम, आता डबा रोज भायेर असतो काय?"

"नाही. कपाटातच आहे."

त्यांनी फवाऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग पानी कुनासाठी मारतात?"

"तुमच्यासाठी."

मी चेष्टा करतेय असं समजून त्या हसल्या, आणि बादली उचलून झाडांकडे गेल्या.