पिवळ्या रंगातली बाग

मामाच्या गावाचं पाणी मी कागदावर तोडलं होतं, आणि ते मला कळलं जेवणाचा डबा उघडताना.

नाशिकच्या एका कार्यालयात मी जमीन वापराचे नकाशे करते. उपग्रहाच्या चित्रांवरून कुठल्या शेतात काय उभं आहे ते संगणकाला ओळखायला शिकवायचं आणि कालव्याच्या कुठल्या चारीला किती पाणी लागेल याचा अंदाज काढायचा. त्या वर्षी पहिल्यांदाच कालव्याच्या पाण्याची उन्हाळी पाळी माझ्या नकाशावरून ठरणार होती. हिरवं म्हणजे पीक, पिवळं म्हणजे पडीक. पडीकला पाणी नाही. चारच्या बैठकीत सही व्हायची होती आणि मी सकाळपासून नवी साडी नेसून मिरवत होते.

दुपारी डबा उघडला, तेवढ्यात पिंपळगावहून मामाचा फोन आला.

"छाटणी उरकून आठवडा झाला गं. समदी बाग बोडकी केली. आता पाणी कधी सोडतात तेवढं इचारून सांग. लय ऊन हाय."

सांगते म्हणाले, आणि घास हातातच राहिला.

एप्रिलमध्ये द्राक्षांची खरड छाटणी होते. वेलीवर पान ठेवत नाहीत. मग जी कोवळी फूट येते तिच्यातच पुढल्या हंगामाचे घड ठरतात, म्हणजे पाणी हवं ते नेमकं तेव्हा. हे मला कुणी शिकवायला नको होतं. लहानपणी सुट्टीत मामाच्या मागे छाटलेल्या काड्या वेचत फिरले आहे. आणि मी बाई चित्रं घेतली होती एप्रिलची. वरून दिसणार काय, माती.

मामाचा गट नंबर शोधला.  पिवळा. शेजारचाही पिवळा. अख्खी चारी शेवटपर्यंत हळद फासल्यासारखी. याच नकाशाला, किती स्वच्छ आलाय म्हणून, मी शाबासकी घेतली होती.

खोटं कशाला सांगू, पहिली भीती बागेची नव्हती, नोकरीची होती. माझं कंत्राट दर वर्षी नवं व्हायचं. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पाणी आलं नाही की लोक कालव्यावरच्या माणसाला शिव्या देतात, नकाशाला कोण देतं? असा विचार आपण करू शकतो, याची मग जास्त भीती वाटली.

आमचे सर बैठकीची फाइल घेऊन जिना उतरत होते. मी मागे धावले.

"सर, छाटलेल्या बागा पडीक दाखवल्यात."

ते पायरीवरच थांबले. "किती?"

"माहीत नाही."

"मग कळलं कसं?"

"मामाचा फोन आला."

ते रागावले नाहीत. फाइल काखेत मारून परत जिना चढले.

बैठक पुढे ढकलली. मी ऑक्टोबरपासूनची, वेलींवर पानं असतानाची चित्रं जोडली, तशी पिंपळगावची बाजू हिरवी झाली. चारीला पाणी आलं तेव्हा मामा खूश होऊन म्हणाला, "हापिसात आपलं मानूस पायजे बघ."

मला हसू आलं नाही. त्याच नकाशात घोटीकडची भातखाचरं आहेत, सुरगाण्याचे डोंगरउतार आहेत. तिथे कोण कधी काय छाटतं, काय पेरतं, मला ठाऊक नाही. अजूनही त्या बाजूला पिवळा तुकडा दिसला की मी मागच्या महिन्यांची चित्रं पुन्हा उघडून बघते. तिथून मला कुणाचा फोन येत नाही.