पांदण बुजवली तेव्हाची तुळसामाय

तुळसामायनं हाक मारली की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून उभी राहायची. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती मारुतीच्या पारापाशी यायची, लुगड्याचा काष्टा आवळायची आणि घराघरांवर ओरडायची, "निंगा वं बायहो! घरात बसून काय अंडे उबवून राह्यल्या? लेकराइले घ्या, बुढ्याइले घ्या. कोनी मागं राह्यलं तं म्या घरात घुसीन!"

मी अकोटजवळच्या त्या गावी सून म्हणून नुकतीच आले होते. माझे सासरे, आमचे मामाजी, गावचे पाटील. पाटलाच्या सुनेनं उंबरा ओलांडायचा तो विहिरीपुरता किंवा देवळापुरता. पण तुळसामाय गावची लेक. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली, बापाचं वावर स्वतः करणारी, माझ्या सासऱ्यांपेक्षाही वयानं मोठी. सासूबाई तिला थोरल्या नणंदेचा मान द्यायच्या. तिनं दारात येऊन सासूबाईंना एवढंच सांगितलं, "सुनेले पाठव. पाय देवानं चालाले देल्ले, चुलीपाशी मोडून ठेवाले नाई." आणि मी गेले.

ते चालणं म्हणजे आमचा सण होता. गावाबाहेर पडलं की पांदण लागायची. दोन्हीकडच्या वावरांमधून जाणारी, बैलगाडीपुरती रुंद वाट, दोन्ही अंगांना बोरी आणि निंबाची झाडं. पुढे गायरान, मग आमराई, आणि शेवटी चिंचेखालची पायऱ्यांची विहीर. सगळी वाट सपाट. नुकतं चालायला लागलेलं लेकरूही ती चालायचं आणि काठी टेकत येणारे सीताराम आजाही थकायचे नाहीत. तुळसामाय सगळ्यांत मागे असायची. कुणी पुढं धावलं की ओरडायची, "काहून पळून राह्यले रे? वाघ लागला का मागं? बुढ्यासंगं चाला!" गायरानावर हरणांचा कळप दिसला की मात्र तीच आधी तोंडावर बोट ठेवायची. मग एवढा सगळा घोळका, कडेवरच्या पोरांसकट, श्वास रोखून उभा राहायचा.

विहिरीपाशी गोवऱ्या पेटवून रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची. हिवाळ्यात वाटेवरचा कुठलाही शेतकरी हाक मारून हुरडा द्यायचा, हरभऱ्याचे घाटे द्यायचा. मी त्या विहिरीच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसायची आणि मला वाटायचं, सासर असं असेल तर बरं आहे.

मग कापसाचा भाव चढला.

सातासमुद्रापार कुठली तरी लढाई लागली होती म्हणे आणि विलायतेतल्या गिरण्यांना आमचा कापूस हवा होता. अमरावतीचे अडते गावात येऊन ओसरीवर बसू लागले. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या, माझ्या अंगावरही दागिना आला. आणि माणसांना वेड लागलं. ज्वारी मोडून पऱ्हाटी, हरभरा मोडून पऱ्हाटी. आमच्याकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. त्या वर्षी हिवाळ्यात आम्ही चालायला निघालो तर वाटेवर हुरडा नव्हता, घाटे नव्हते. लेकरं भुकेनं रडायला लागली. तुळसामायनं एक पांढरं बोंड तोडलं आणि बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हातात कोंबलं. "घे, खाऊन दाखव. पोट्ट्याइले काय चारता रे तुमी आता? सरकी?"

तो हसला. सगळे हसले. तेव्हा हसण्यासारखंच वाटत होतं.

पुढच्या पेरणीला गायरान नांगरलं गेलं. हरणं दिसेनाशी झाली. आणि त्याच पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांनी पांदण नांगरली. दोन्हीकडची वावरं आमची होती, मधली वाट गावाची. त्यांनी निंब तोडले, बोरी तोडल्या, त्याच काट्यांचं कुंपण दोन्ही तोंडांना घातलं आणि आत पऱ्हाटी पेरली. पाटलालाच विचारणार कोण? ज्यांनी विचारायचं, त्यांनीही आपापल्या वावरांच्या हद्दीवरचे धुरे नांगरून बांध पोटात घातले होते.

तुळसामायनं विचारलं. आमच्या ओसरीवर येऊन, चार माणसांत. "पाटील, वाट कोनाच्या बापाची?"

"बाई, वाट आहे की नाल्याकडून. जरा वळसा पडते, एवढंच."

"नाल्याकडून लेकरू घेऊन तू चालून दाखव. मंग म्या चालतो."

मामाजींनी सुपारी कातरली आणि अडत्याशी बोलायला लागले. ती उभी आहे हे जणू त्यांना दिसतच नव्हतं. मी दाराआडून पाहत होते. माझ्या हातातलं ताट मी इतकं घट्ट धरलं होतं की त्याची कड तळहातात रुतली.

पण विहिरीपर्यंत जायचं तर नाल्याकडचीच वाट उरली होती. पावसाची उघडीप पाहून आम्ही नाल्याच्या काठानं निघालो. काळी माती, लोण्यासारखी निसरडी. तुळसामाय सारखी ओरडत होती, हात धरा, हात धरा. तरी माळ्याची बनी घसरली. सहासात वर्षांची पोर, दरडीवरून खालच्या दगडांवर आदळली. तिचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. तुळसामायनं तिला स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि त्या चिखलातून गावापर्यंत आणलं. वाटेत कुणाला हात लावू दिला नाही, एक शब्द बोलली नाही. तिला गप्प पाहिलं ते तेवढंच.

पाय वाकडाच जुळला. बनी जन्माची लंगडी झाली.

दुसऱ्या दिवशी मामाजी चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईच्या नादानं पोरगी अपंग झाली. उद्या कोनाचं मरन. आपापल्या बायका घरात ठेवा." आणि गावानं मान डोलावली! ज्यांच्या आया त्या पांदणीतून काठी टेकत गेल्या होत्या, ज्यांची लेकरं तिथं चालायला शिकली होती, त्यांनी मान डोलावली. मला आज इतक्या वर्षांनीही त्या माना आठवतात आणि अंगाची आग होते.

त्या रात्री जेवण वाढताना मी बोलले. सासऱ्यांसमोर माझा आवाज तोवर कुणी ऐकला नव्हता. "मामाजी, बनीचा पाय तुमच्या कुंपनानं मोडला. तुळसामायनं नाई." नवऱ्यानं ताट सरकवलं. सासूबाई रडायला लागल्या. मामाजी जेवत राहिले.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तुळसामाय नेहमीसारखी पारापाशी उभी राहिली. "निंगा वं बायहो!" दारं उघडली नाहीत. आमच्या दाराला तर बाहेरून कडी होती. तिनं पुन्हा हाक मारली. मग ती घरी गेली, कुऱ्हाड घेऊन आली आणि भर उन्हात पांदणीच्या तोंडाचं कुंपण तोडलं. आतली पऱ्हाटी मुळासकट उपटत, वाटेएवढी जागा मोकळी करत, ती एकटी या तोंडापासून त्या तोंडापर्यंत गेली. तिच्या हातापायांतून रक्त येत होतं, असं आमचा गडी सांगत आला. तिला हात लावायची त्याचीही छाती झाली नव्हती.

चावडीवर पंच बसले. तिनं पाटलाची माफी मागावी, असं ठरलं.

"माफी?" ती म्हणाली. "बनीची मागीन. तिच्या मायची मागीन. तुमच्यापैकी एकाची नाई. भेकड आहा तुमी सारे."

तिनं खरोखरच जाऊन बनीच्या पायांवर डोकं ठेवलं. मग वावर भाच्याच्या हवाली केलं, घराला कुलूप लावलं आणि रिद्धपूरकडे, बहिणीच्या गावी निघून गेली.

ती गेल्यावर मामाजींनी पांदणीला पुन्हा कुंपण घातलं, आत पुन्हा पऱ्हाटी पेरली. पुढे ती लढाई संपली आणि कापसाचा भाव कोसळला. अडते दिसेनासे झाले. पांदणीतल्या पऱ्हाटीची वेचणीही परवडेना, तेव्हा मामाजींनी कुंपण काढून टाकलं. लोक म्हणाले, पाटलाचं मन मोठं. मामाजींनाही ते आवडलं असावं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुले तिची माया आहे. बैल जुपून दमणी घेऊन जाय. सांग, वाट सोडली, आता ये म्हना."

मी गेले. तुळसामाय खाटेवर होती, हाडांचा सापळा. मला जवळ घेतलं, बनीचं विचारलं. मी निरोप सांगितला तशी ती उठून बसली. तोच आवाज.

"भाव पडला म्हनून सोडली त्यानं. लाज वाटली म्हनून नाई सोडली. उद्या भाव चढला का तो पुन्हा नांगरीन. जाय, सांग त्याले, म्या नाई येत."

पुढे त्याच उन्हाळ्यात ती तिकडेच वारली.

मी तिचा निरोप घेऊन परत आले त्या दिवशी ओसरीवर बैठक भरली होती. मामाजींनी विचारलं, "काय म्हने बाई?" मी डोक्यावरचा पदर सावरला आणि तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले, शेवटच्या माणसाला ऐकू जातील इतक्या मोठ्यानं. मामाजींनी मानेनंच मला आत जायची खूण केली. मी गेले नाही. ते उठून जाईपर्यंत मी तिथंच उभी राहिले.