भिंतीवरची खूण

खडूच्या पुडीचा वास आला की मला महाल भागातल्या आमच्या शाळेचं सिमेंटचं अंगण आठवतं. तिथे मी मुलींना व्हॉलीबॉल शिकवायचो. त्यांना बोटांना खडू लावून उडी मारायला सांगायचो. भिंतीवर जिची खूण सगळ्यांत वर उमटेल, तिची संघात जागा पक्की. त्या सकाळी सगळ्यांत वरची खूण दहावीतल्या एका सडपातळ मुलीची होती. तरी मी म्हटलं, "आणखी चार बोटं वर." ती गुडघा चोळत म्हणाली, "सर, खाली येताना गुडघा आत वळून राहिला." भिंतीवरची नजरही न काढता मी म्हणालो, "नखरे नको करू वं, मार उडी." तिनं मारली. खूण खरंच चार बोटं वर गेली, मी "शाब्बास!" म्हणून ओरडलो, आणि वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला तेव्हा कुठे खाली पाहिलं. दवाखान्यात लिगामेंट तुटल्याचं कळलं. "तिचाच पाय वाकडा पडला," असं मी तिच्या वडिलांना सांगितलं. गुडघे वाकवून अलगद कसं उतरायचं, हे मी एकाही मुलीला शिकवलं नव्हतं, ते मात्र सांगितलं नाही. परवा ती बाजारात भेटली. मी नको नको म्हणत असताना एक पाय ताठच ठेवून, कशीबशी वाकून माझ्या पाया पडली आणि सोबतच्या लेकीला म्हणाली, "हे माहे सर. यायनंच मले उडी माराले शिकवलं."