हुगळीच्या गाळातली टरबुजं

कलकत्त्याच्या जेट्टीवर आमी तिघं वऱ्हाडी. मी अकोल्याचा, वसंता बाळापूरचा अन् सुखदेव हिवरखेडचा. आता म्हातारपणी भेटलो की चहा थंड होते, पन हुगळीचे किस्से काही सरत नाईत!

छप्पन सालानंतरची गोष्ट. जहाजात चढनाऱ्या तागाच्या गाठींवर नंबर टाकायचं काम. पहिल्याच दिवशी वसंतानं घाटाच्या खालच्या पायरीवर जोडे ठेवले अन् वर येऊन झोपला. उठून पाह्यते तं पायरीच नाई! "अबे, पाऊस नाई, पानी नाई, पूर कुठून आला?" भरती नावाची भानगड आमाले तेव्हा समजली.

सुखदेव मातर रमलाच नाई. त्याच्या घरातली ही पहिली सरकारी नोकरी, पन गड्याची ट्रंक सदा भरलेली. सकाळी केळीचा एक खुंट समुद्राकडं वाहात गेला, दुपारी उलटा आला. सुखदेव चिडला, "हा बी वापस आला! मीच काहून इथं सडून राह्यलो?"

त्यानं राजीनामा लिहिला. भरतीले जहाजं हलत, तवा साहेबाले मान वर करायची फुरसत नाई. ओहोटीले साहेब खुर्चीत घोरते! राजीनामा खिशातच मळला. आमी रोज इचारू, "काय गड्या, आजची गाडी कोनती?" तो शिव्या देई.

शेवटी त्याची मायच आली. सुखदेव म्हने, "आता कोनाच्या बापाचं ऐकत नाई, उद्या मायसंगं चाललो." आमाले लय वाईट वाटलं. पोरगं हातची नोकरी घालवून राह्यलं होतं.

जायच्या आधी मायले नदी दाखवली. ओहोटी होती. समोर काळाभोर गाळ उघडा पडलेला. मायचा जन्म दुसऱ्याच्या वावरात गेला. आपल्याकडं नदी आटली की पात्रात टरबूज लावतेत, ते बी तिनं लोकायसाठीच लावलं.

"हे जमीन कोनाची?"

"कोनाचीच नाई, माय."

मायनं पदराची गाठ सोडली. गावाहून बांधून आनलेल्या टरबुजाच्या बिया! गुडघाभर गाळात उतरून तिनं ओळीनं टोचल्या. आमी हासून हासून बेजार!

घंट्याभरात पानी चढलं. सगळं गेलं. माय पायरीवर बसून पायाचा गाळ धुवू लागली. आमचं हासू थांबलं.

"हे पानी उतरते का?"

"उतरते. दिवसातून दोनदा."

मायनं सुखदेवापुढं हात केला. "तुह्या खिशातला तो नोकरी सोडाचा कागद दे. उरलेल्या बिया त्यात बांधून ठेवतो."