वॉचमनची खोली वगळून

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पाणी भरलं की तेच पंपवाले काका येतात. पाण्यात बोट बुडवून वास घेतात, मगच भाव सांगतात. "गटाराचं आहे, मॅडम. गाळ काढून चाळीस हजार."

यंदा कमिटीने घासाघीस करून त्यांना पस्तीसवर आणलं, पण खाली राहणाऱ्या वॉचमनची खोली वगळून. तसं पत्र मीच टाइप केलं, 'खोली वगळून' या शब्दांसकट. काकांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि पहिला पाइप त्याच खोलीत सोडला.

"अहो, ती खोली यात नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"पाण्याला कुठे माहीत होतं, साहेब?"

खोलीतला गाळही त्यांनीच उपसला. बिल पस्तीसचंच दिलं. तेवढा वेळ मी जिन्यात उभी होते. वरही गेले नाही, खालीही उतरले नाही.