मेट्रनबाई बपेऱ्याले आल्या होत्या

दादा एसटीतून उतरला अन् चपला हातात घेऊन थेट बांधीत आला. मी धान रोवत होती. "तुह्या मेट्रनबाई गेल्या. कावीळ." मले खोटंच वाटलं… सुट्टी त्यांनीच तर देली होती, "जा वो, आईचे रोवणे उरकून ये" म्हणून! डोळे पिवळे दिसले तेव्हा मी म्हटलं बी होतं, तर म्हणाल्या, "जास्त डॉक्टर नको होऊ." अन् दादा त्याच दमात बोलला, "आता तू परत नको जाऊ. कोणाच्या भरोशावर पाठवाचं तुले?"

बाई गेल्या अन् माही नर्सिंग बी गेली. चिखलात उभ्या उभ्या.

बाई चिखल्याच्या, खाणीच्या गावच्या. वडील खाणीत दबून गेले तेव्हा शाळेत होत्या. मग आईसोबत मँगनीजचे दगड निवडले, त्याच काळ्या हातानं मॅट्रिकचा पेपर लिहिला. नर्सिंगले गेल्या तर मेसमधल्या पोरी माठाले हात लावू देत नव्हत्या, बौद्ध म्हणून. हे मले आमच्या दवाखान्यातल्या जुन्या आयाबाईनं सांगितलं. बाई फक्त कामाचं बोलायच्या. सुई उकळली की कापसावरून ओढून पाहायची. कापूस अडकला तर टोक वाकडं, ती टोचायची नाही. घाई केली की ओरडायच्या, "अवो, तुह्या बापाचा हात आहे समज ना!" त्यांनी शिकवलेल्या पोरी आज जिल्हाभर सिस्टर आहेत.

मी पहिल्याच वर्षी पळाली होती. एक बाळंतीण माहा हात धरूनच गेली… मी पेटी उचलली अन् घरी. बाई मागोमाग आमच्या बपेऱ्याले आल्या, एकट्या. बाबा म्हणाले, पोरगी नाही पाठवत. आईनं चहा आणला, कोनाड्यातल्या कपात. आमचे सगळे कप सारखेच, पांढरे. पण तो येगळा ठेवलेला, 'अशा' पाहुण्यांसाठी. माही मान वर होईना. बाईंनी चहा पिला, मोरीवर कप सोताच धुतला, अन् फळीवरचे आमचे कप इकडचे तिकडे करून तो त्यांच्या मधात ठेवून देला. आई पाहतच राहिली. "मस्त झाला चहा, माय. पोरगी माह्या जबाबदारीवर पाठवा. काही झालं तर मले विचारा." बाबांनी हो म्हणून मान हलवली.

आता विचारायचं कोणाले?

महिना होऊन राहिला. रोवणे संपले. मी भांडली, जेवली नाही. दादाचं अन् बाबाचं एकच, "बाई आहेत काय आता?" अन् मले बी तेच भेव वाटून राहिलं. सुई हातात घेतली की मागं कोण उभं राहील माह्या?

परवा आईनं फळीवरचे सगळे कप खाली काढले. एकेक उजेडात फिरवून पाहे. "कोणता होता वो बाईचा?" मी म्हटलं, माहीत नाही. "मले बी नाही…" म्हणत ती तिथंच बसून रडली. मग पदरानं तोंड पुसून दादाले म्हणाली, "तिची पेटी काढ."

आज सकाळी निघताना तिनं मले चहा देला. मी कप दोन्ही हातांनी धरून बसली… हाच असंल काय? चहा थंड झाला, दादा बाहेरून गाडी आली म्हणून ओरडून राहिला, अन् मले तो कप खाली ठेववेना.